तेलाच्या मुलखातला खासदार: जो बार्टन यांची ३४ वर्षं आणि अमेरिकेचे ऊर्जाकायदे

साखर कारखान्याचा चेअरमन आमदार झाला तर महाराष्ट्रात कुणाला नवल वाटत नाही. उसाचा दर, गाळप, मळी, इथेनॉल सगळं त्याला तोंडपाठ असतं. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातली गावं हाच त्याचा मतदारसंघ असतो. सभागृहात तो साखरेवर बोलायला उभा राहिला की मतदारांच्या वतीने बोलतोय की कारखान्याच्या, हे त्याचं त्यालाही सांगता येईल की नाही, शंकाच आहे. अमेरिकेत ही जागा तेलाने आणि नैसर्गिक वायूने घेतली आहे. टेक्सास, लुइझियाना, ओक्लाहोमा, नॉर्थ डकोटा इथून तेलधंद्यात उमेदवारी केलेली माणसं वर्षानुवर्षं संसदेत जात आली आहेत. त्यातलं सगळ्यांत मोठं नाव थोरले जॉर्ज बुश यांचं. समुद्रात विहिरी खोदणारी झपाटा ऑफशोअर ही कंपनी चालवून ते १९६७ मध्ये ह्यूस्टनचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये गेले.

पण उद्योगातून आलेला माणूस कायद्यावर नेमका कसा ठसा उमटवतो हे समजून घ्यायला बुश फारसे उपयोगी नाहीत. दोन खेपा झाल्या आणि ते पुढे गेले. त्यासाठी एकाच खुर्चीत ठाण मांडून बसलेला माणूस हवा. टेक्सासच्या सहाव्या मतदारसंघाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जो बार्टन जानेवारी १९८५ ते जानेवारी २०१९ अशी सलग ३४ वर्षं तिथे होते. त्यांचं नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. मात्र त्यांनी पुढे रेटलेल्या कायद्यांशी आपला संबंध आला आहे, अगदी दाभोळच्या धक्क्यापर्यंत.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय या माणसाचं महत्त्व कळत नाही. अमेरिकेची संसद म्हणजे काँग्रेस (आपल्या काँग्रेस पक्षाशी नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही). १०० जणांचं सिनेट आणि ४३५ जणांचं प्रतिनिधिगृह अशी तिची दोन सभागृहं. प्रतिनिधिगृहाचा सदस्य साधारण आपल्या लोकसभेच्या खासदारासारखा असतो, पण दोन मोठे फरक आहेत. एक, त्याची मुदत फक्त दोन वर्षांची. एक निवडणूक आटोपते न आटोपते तोच पुढच्या निवडणुकीसाठी पैसा गोळा करायला निघावं लागतं. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. तिथे पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. शिवाय राष्ट्राध्यक्ष किंवा त्यांचे मंत्री स्वतः विधेयक मांडू शकत नाहीत. प्रत्येक विधेयक कुठल्या तरी सदस्याच्या नावावरच मांडलं जातं. आपल्याकडे मंत्री नसलेल्या खासदाराचं खासगी विधेयक संमत होऊन कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० ची आहे. तिथे मात्र साधा सदस्यसुद्धा देशाचा कायदा घडवू शकतो.

पण कुठल्या साध्या सदस्याला ते जमतं? योग्य समितीत असलेल्याला. दर दोन वर्षांच्या काळात हजारो विधेयकं दाखल होतात आणि बहुतेक समितीतच गतप्राण होतात. कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं, कुणाला साक्षीला बोलवायचं, मसुद्यात कुठला शब्द ठेवायचा, हे बऱ्याच अंशी समितीचा अध्यक्ष ठरवतो. ऊर्जेच्या बाबतीत ही समिती म्हणजे प्रतिनिधिगृहाची ऊर्जा आणि वाणिज्य समिती. तेल, वायू, वीज, हवेचं प्रदूषण, पिण्याचं पाणी, औषधं, दूरसंचार असं अवाढव्य क्षेत्र तिच्या हाताखाली येतं. बार्टन यांची सगळी कारकीर्द या एका समितीभोवती फिरली.

त्यांचा जन्म १९४९ चा, टेक्सासमधल्या वेको गावचा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी, पर्ड्यू विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण, मग एनिस या लहान गावात व्यावसायिक फॉर्म छापणाऱ्या कंपनीत नोकरी. इथवर तेलाचा थेंबही नाही. १९८१ मध्ये व्हाइट हाउस फेलो म्हणून, म्हणजे सरकारी कामाचा वर्षभर अनुभव घ्यायला निवडलेल्या तरुणांत, निवड होऊन ते ऊर्जा खात्यात गेले. वेळ मोठी मजेशीर होती. हे खातंच बंद करून टाकू, असं आश्वासन देऊन रेगन निवडून आले होते आणि खात्याच्या प्रमुखपदी त्यांनी जेम्स एडवर्ड्स यांना नेमलं होतं. ते साउथ कॅरोलिनाचे माजी गव्हर्नर, पेशाने दातांचे शल्यविशारद. तिथून बाहेर पडल्यावर बार्टन अटलांटिक रिचफील्ड या तेल-वायू कंपनीचे सल्लागार झाले. आर्को या लघुनावाने ओळखली जाणारी ही कंपनी अलास्कातलं प्रुडो बेचं प्रचंड तेलक्षेत्र शोधणाऱ्यांपैकी एक.

म्हणजे ज्याला ‘ऊर्जा उद्योगाची पार्श्वभूमी’ म्हणतात ती मोजून काही वर्षांची. पण ती कुठल्या वर्षांची हे पाहायला हवं. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून अमेरिकेत नैसर्गिक वायूचा विहिरीच्या तोंडाशी मिळणारा दर केंद्र सरकार ठरवत होतं. दर बांधलेला, त्यामुळे नव्या विहिरी खोदायला कुणी तयार नाही, आणि मागणी तर वाढतेय. १९७६-७७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात वायूअभावी शाळा आणि कारखाने बंद ठेवायची पाळी आली. १९७८ मध्ये कायदा करून दर टप्प्याटप्प्याने मोकळे करायचं ठरलं, पण त्यात जुना वायू, नवा वायू, अमुक खोलीवरचा वायू अशा इतक्या वर्गवाऱ्या होत्या की हिशेब ठेवणाऱ्यांची डोकी फिरली. बार्टन या धंद्यात आले ते नेमके या गोंधळाच्या काळात. सरकारने दर ठरवला की टंचाई येते आणि बाजाराला मोकळं सोडलं की वायू मिळतो, हा धडा त्या पिढीतल्या वायू उद्योगातल्या बहुतेकांनी घेतला. त्या एका मुद्द्यावर तो बरोबरही होता. मला वाटतं, उद्योगातून येणारा माणूस सभागृहात पैशाच्या आधी असा एक धडा घेऊन येतो आणि मग प्रत्येक प्रश्नाला तोच लावत सुटतो.

१९८४ मध्ये सहाव्या मतदारसंघाचे प्रतिनिधी फिल ग्रॅम सिनेटसाठी उभे राहिले आणि जागा मोकळी झाली. पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या दुसऱ्या फेरीत बार्टन अवघ्या १० मतांनी जिंकले. सार्वत्रिक निवडणूक त्यामानाने सोपी गेली. मतदारसंघ त्यांच्या विचारांना साजेसाच होता. त्यात डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधलं आर्लिंग्टन, त्याच्या दक्षिणेला एलिस आणि नव्हारो हे परगणे. सीमा अधूनमधून बदलल्या, गाभा हाच राहिला. नव्हारोतल्या कॉर्सिकाना गावात १८९४ मध्ये नगरपालिका पाण्यासाठी विहीर खोदायला गेली आणि तेल लागलं. टेक्सासच्या व्यापारी तेलाची सुरुवात तिथली. एलिसमधल्या मिडलोथियनला सिमेंटच्या भट्ट्या. हवेच्या गुणवत्तेच्या नियमांत एलिस परगणा ‘नापास’ यादीत टाकण्याला बार्टन यांनी विरोध केला, तो या भट्ट्यांमुळे. आणि फोर्ट वर्थच्या आसपास जमिनीखाली बार्नेट शेल हा खडक, ज्यातून वायू काढायची युक्ती जमल्यावर सगळ्या जगाचा ऊर्जेचा हिशेब बदलला.

एलिसमध्ये आणखी एक गोष्ट होऊ घातली होती. वॅक्साहाची गावाखाली ८७ किलोमीटर परिघाचं वर्तुळाकार भुयार खोदून जगातला सगळ्यांत शक्तिशाली कणत्वरक (अणूतले कण प्रचंड वेगाने आदळवून अभ्यासायचं यंत्र) बांधायचा केंद्र सरकारचा प्रकल्प होता. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणारे बार्टन या अब्जावधी डॉलरच्या सरकारी प्रकल्पासाठी जिवाचं रान करत होते. मतदारसंघातलं काम म्हटलं की तत्त्वं थोडी सैल होतात, हे टेक्सासलाही चुकलेलं नाही. १९९३ मध्ये काँग्रेसने प्रकल्प रद्द केला. तोवर सुमारे २ अब्ज डॉलर आणि २० किलोमीटरहून जास्त भुयार खर्ची पडलं होतं.

समितीत वर चढायचं तर टिकून राहावं लागतं. ज्येष्ठतेला तिथे मोठा मान. १९९० च्या दशकाच्या शेवटी बार्टन ऊर्जेच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पूर्ण समितीचे. आधीचे अध्यक्ष बिली टॉझिन पायउतार झाले आणि पुढे औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. त्यांची समिती औषधांचे कायदे करत असे. याला तिकडे फिरता दरवाजा म्हणतात.

आता मुख्य भाग. २००५ चा ऊर्जा धोरण कायदा बार्टन यांच्या नावावर मांडलेल्या विधेयकातून झाला. सिनेटच्या बाजूने पीट डोमेनिची, आणि पाठीमागे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा २००१ पासूनचा रेटा. त्यामुळे सगळं श्रेय किंवा सगळं खापर एकट्या बार्टन यांच्यावर फोडणं बरोबर नाही. या कायद्याचा आधीचा अवतार २००३ मध्ये सिनेटमध्ये अडला होता, आणि अडला तो एमटीबीई या रसायनावर. पेट्रोल नीट जळावं म्हणून ते त्यात मिसळत. टाक्यांना गळती लागली की ते जमिनीत झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरे. अगदी थोडं जरी मिसळलं तरी पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येई. गावंच्या गावं कंपन्यांवर खटले भरत होती. या खटल्यांपासून उत्पादकांना संरक्षण द्या, असं कलम प्रतिनिधिगृहाला हवं होतं. सिनेटला ते नको होतं. २००५ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली तेव्हा हे कलम अखेर सोडून देण्यात आलं आणि गाडी पुढे सरकली. प्रतिनिधिगृहात २७५ विरुद्ध १५६, सिनेटमध्ये ७४ विरुद्ध २६. बाजूने मत देणाऱ्यांत इलिनॉयचे नवे सिनेटर बराक ओबामाही होते. ८ ऑगस्ट २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश यांनी न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत सही केली.

या कायद्यात काय नव्हतं! १४ ऑगस्ट २००३ ला ईशान्य अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली होती. ओहायोतल्या तारांना झाडं लागल्यापासून सुरू झालेलं ते प्रकरण. तोवर ऐच्छिक असलेले वीजजाळ्याच्या सुरक्षिततेचे नियम या कायद्याने सक्तीचे केले. १९३५ पासून वीज कंपन्यांच्या मालकीवर असलेलं बंधन उठवलं. अणुऊर्जेला सवलती दिल्या, सौरऊर्जेला ३० टक्के करसवलत दिली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसारख्या इंधनाचं प्रमाण २०१२ पर्यंत ७.५ अब्ज गॅलनवर न्यायची सक्ती केली. मका पिकवणाऱ्या राज्यांची मतं त्याशिवाय मिळाली नसती. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे ठेवायची ‘उन्हाळी वेळ’ही वाढवली, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. न्यू जर्सीतल्या लेकीला फोन लावताना ‘आता साडेनऊ तास की साडेदहा?’ असा हिशेब पुण्यात जो करावा लागतो, त्याच्या २००७ पासूनच्या तारखा या कायद्याने ठरवलेल्या आहेत. प्रत्येकाला काहीतरी द्यायचं आणि त्याच्या आड आपल्याला हवं ते घालायचं, ही मोठ्या कायद्यांची रीतच आहे.

हवं ते म्हणजे काय, याचा नमुना ३२२ क्रमांकाच्या कलमात सापडतो. थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. फ्रॅकिंग म्हणजे खोल विहिरीत पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडायच्या. वाळूचे कण त्या भेगा उघड्या ठेवतात आणि अडकलेला वायू किंवा तेल वर येतं. १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यानुसार जमिनीखाली द्रव सोडायचा तर परवानगी लागते. फ्रॅकिंग त्यात येतं का? केंद्रीय पर्यावरण संस्था म्हणत होती, नाही. १९९७ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात अपील न्यायालय म्हणालं, येतं. धंद्याच्या पायाखालची वाळू सरकायला एवढं पुरे होतं. २००५ च्या कायद्याने यावर तोडगा काढला तो कुठलाही गाजावाजा न करता. ‘फ्रॅकिंगला मोकळीक आहे’ असं वाक्य त्यात कुठेच नाही. पेयजल कायद्यातली ‘भूमिगत अंतःक्षेपण’ या संज्ञेची व्याख्याच बदलली, आणि त्या व्याख्येतून डिझेल सोडून फ्रॅकिंगचे बाकी सगळे द्रव वगळले. बस्स. एका व्याख्येतल्या दोन ओळी. चेनी पूर्वी हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते आणि फ्रॅकिंग हा त्या कंपनीचा जुना व्यवसाय, म्हणून विरोधक या कलमाला ‘हॅलिबर्टनची पळवाट’ म्हणतात. समर्थक म्हणतात, विहिरींवर देखरेख हे आधीपासून राज्यांचंच काम होतं, कायद्याने ते फक्त स्पष्ट केलं. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण न्यायालयाने दिलेलं उत्तर संसदेने व्याख्या बदलून फिरवलं, एवढं तरी मान्य करावं लागेल. असल्या कामाला तो धंदा आतून माहीत असलेली माणसंच लागतात. बाहेरच्याला ती व्याख्या कुठे आहे हेही सापडणार नाही.

याच कायद्यात ३११ क्रमांकाचं कलम आहे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांच्या आसपास थंड केला की द्रव होतो, त्याला एलएनजी म्हणतात, आणि मग तो जहाजाने नेता येतो. त्या वेळी अमेरिकेतला वायू संपत आला, आता बाहेरून आणावा लागणार, असं सगळे धरून चालले होते. किनाऱ्यावर टर्मिनल उभारायचं तर राज्यं आणि गावं आडवी येत. म्हणून जमिनीवरच्या टर्मिनलला जागेची मंजुरी देण्याचा अधिकार एकट्या केंद्रीय नियामकाकडे दिला. आणि मग उलटंच झालं. बार्नेट शेलमध्ये जमलेली फ्रॅकिंगची युक्ती देशभर पसरली, वायूचा पूर आला. लुइझियानात आयातीसाठी बांधलेलं सबिन पास टर्मिनल निर्यातीसाठी बदलायचं ठरलं. ती परवानगी त्याच नियामकाने २०१२ मध्ये दिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिलं जहाज निघालं. भारत सरकारच्या गेल या वायू कंपनीने तिथून वर्षाला ३५ लाख टन वायू २० वर्षं घ्यायचा करार केला होता. त्या करारातलं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ रोजी आलं ते दाभोळला, एन्रॉनच्या प्रकल्पाबरोबर जे टर्मिनल अर्धवट पडून राहिलं होतं आणि २०१३ मध्ये कुठे सुरू झालं, त्याच टर्मिनलवर. टेक्सासच्या कंपनीने कोकणात वायू जाळायला बांधलेल्या धक्क्यावर शेवटी अमेरिकेचाच वायू उतरला. ज्यांनी गुहागरातली ती आंदोलनं पाहिली आहेत त्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

कायदा झाला त्याच उन्हाळ्यात बार्टन यांनी समितीचा धाक दुसरीकडे वापरला. गेल्या हजार वर्षांतलं तापमान दाखवणारा, शेवटी एकदम वर उसळणारा ‘हॉकी स्टिक’ आलेख मायकेल मान, रेमंड ब्रॅडली आणि माल्कम ह्यूज या शास्त्रज्ञांचा. जून २००५ मध्ये बार्टन यांनी तिघांना पत्रं पाठवून त्यांची आकडेवारी, संगणकीय सूत्रं, अनुदानांचा तपशील असं सगळं मागवलं. विरोध झाला तो त्यांच्याच पक्षातून. विज्ञान समितीचे अध्यक्ष शेरवूड बोएलर्ट यांनी हा शास्त्रज्ञांना दमात घेण्याचा प्रकार असल्याचं जाहीरपणे सुनावलं आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे विचारणा केली. अकादमीच्या २००६ च्या अहवालाने काही सांख्यिकी त्रुटी दाखवल्या, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली उष्णता निदान ४०० वर्षांत अभूतपूर्व आहे, हा मुख्य निष्कर्ष उचलून धरला. बार्टन यांचं मत तसूभरही हललं नाही. त्यांच्याबद्दल माझं मत सर्वांत वाईट होतं ते इथे. वायूच्या दराबद्दलचा धडा वातावरणाला लावता येत नाही.

पैशाचंही बोलू. अमेरिकेत कंपनीला उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. कर्मचारी आणि अधिकारी वैयक्तिक देणग्या देतात, किंवा त्यांच्या वर्गणीतून चालणारी राजकीय कृती समिती, म्हणजे पॅक, एका निवडणुकीला जास्तीत जास्त ५,००० डॉलर देऊ शकते. तेल, वायू आणि वीज कंपन्यांशी जोडलेल्या देणग्या मिळवणाऱ्यांत बार्टन वर्षानुवर्षं प्रतिनिधिगृहात आघाडीवर होते. हे सगळं जाहीर नोंदींत असतं, कुणीही पाहावं. पण पैसे घेऊन त्यांनी मत बदललं असं म्हणणं मला पटत नाही, कारण बदलायला मत वेगळं होतंच कुठे? अशा देणग्यांनी आपल्या मताचा माणूस खुर्चीवर टिकवला जातो. दोन वर्षांनी निवडणूक येणाऱ्या व्यवस्थेत तेवढं पुष्कळ झालं.

मग आला जून २०१०. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या रिगचा स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि समुद्राच्या तळाशी फुटलेली विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. १६ जूनला ओबामांनी त्या विहिरीची मुख्य मालक असलेल्या बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या वरिष्ठांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि कंपनीने भरपाईसाठी २० अब्ज डॉलरचा निधी ठेवायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बीपीचे प्रमुख टोनी हेवर्ड उपसमितीपुढे साक्षीला बसले. सगळे त्यांना फैलावर घेणार हे ठरलेलंच होतं. तोवर बहुमत गेल्यामुळे बार्टन आता समितीतले विरोधी बाजूचे प्रमुख. त्यांची बोलायची पाळी आली आणि त्यांनी हेवर्ड यांचीच माफी मागितली. काल व्हाइट हाउसमध्ये जे झालं त्याची मला लाज वाटते, ही २० अब्ज डॉलरची खंडणी आहे, अशा अर्थाचं ते बोलले. हे आपलं वैयक्तिक मत आहे, अशी पुस्तीही जोडली.

त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. एकीकडे सरकार फौजदारी चौकशी करतंय आणि दुसरीकडे कोर्टाची पायरी न चढता राष्ट्राध्यक्ष कंपनीला रक्कम ठरवून देतायत, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला खटकेल असंच आहे. पण आखाताच्या किनाऱ्यावर कोळंबीवाल्यांच्या बोटी बंद, आणि हे माफी मागतायत कुणाची, तर बीपीची! फ्लोरिडाचे रिपब्लिकन सदस्यच त्यांचा राजीनामा मागू लागले. पक्षनेत्यांनी समितीतलं पद काढून घेण्याची तंबी दिली, आणि दिवस मावळायच्या आत बार्टन यांनी माफीची माफी मागून शब्द मागे घेतले. त्या फुटलेल्या विहिरीत चौथा हिस्सा असलेली अनाडार्को कंपनी त्यांच्या मोठ्या देणगीदारांपैकी होती, हेही तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं.

त्याच वर्षी रिपब्लिकन पुन्हा बहुमतात आले. बार्टन यांना अध्यक्षपद हवं होतं. पक्षाचा नियम आडवा आला: समितीचं नेतृत्व जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि त्यांची ती संपली होती. सवलत मिळाली नाही. खुर्ची मिशिगनच्या फ्रेड अप्टन यांना गेली. अप्टन म्हणजे जुने, वीज खाणारे बल्ब हळूहळू बाद करणाऱ्या २००७ च्या तरतुदीमागच्यांपैकी एक. बार्टन यांनी जुलै २०११ मध्ये ती तरतूद रद्द करायचं विधेयक आणलं. २३३ विरुद्ध १९३ असं बहुमत मिळालं, पण त्या पद्धतीत दोनतृतीयांश लागत होतं. पडलं.

अध्यक्षपद नसताना त्यांनी जे केलं ते मात्र बल्बपेक्षा कितीतरी मोठं. १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. त्या धसक्याने १९७५ मध्ये अमेरिकेने आपलं कच्चं तेल बाहेर विकायला जवळपास बंदी घातली. पेट्रोल-डिझेल विकायला मात्र मोकळीक. चाळीस वर्षांनी शेलमधून हलकं तेल धो धो येऊ लागलं, आणि आखाती किनाऱ्यावरच्या बऱ्याच रिफायनऱ्या बांधलेल्या होत्या जड तेलासाठी. हलकं तेल देशातच तुंबलं, त्याचा भाव जागतिक भावापेक्षा खाली आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘तेल उद्योग’ अशी एकच एक वस्तू नसते. तेल काढणाऱ्यांना बंदी उठायला हवी होती. काही रिफायनऱ्यांना मात्र बंदी हवीच होती, कारण त्यांना कच्चा माल स्वस्तात मिळत होता. बार्टन पहिल्यांच्या बाजूने उभे राहिले, १९८० च्या दशकातला तोच धडा घेऊन. त्यांचं विधेयक ऑक्टोबर २०१५ मध्ये २६१ विरुद्ध १५९ मतांनी प्रतिनिधिगृहात संमत झालं. ओबामा नकाराधिकार वापरू म्हणाले. मग डिसेंबरात सरकारी खर्चाच्या जाडजूड विधेयकात सौदा झाला: तेलवाल्यांना निर्यात आणि बदल्यात पवन व सौरऊर्जेच्या करसवलतींना पाच वर्षांची मुदतवाढ. १८ डिसेंबर २०१५ रोजी त्यावर ओबामांनीच सही केली. २ ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकी कच्च्या तेलाचं इंडियन ऑइलचं पहिलं जहाज ओडिशातल्या पारादीपला लागलं. माहुलला रिफायनऱ्या असलेल्या भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमनेही त्याच वर्षी तिकडून तेलाच्या ऑर्डरी दिल्या.

ऊर्जेची पार्श्वभूमी म्हणजे तेलच असं मात्र नाही. पवनचक्क्यांचे अभियंते जेरी मॅकनर्नी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातून निवडून आले. कारखान्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणारी कंपनी चालवलेले शॉन कॅस्टन २०१८ मध्ये इलिनॉयमधून आले. कॅस्टन यांना वीजधंद्याची बारीकसारीक माहिती आहे आणि ते बोलतातही तडाख्याने. पण ते बसले वित्तीय सेवा समितीत. ऊर्जेची विधेयकं जिथून जातात तिथली अध्यक्षाची हातोडी त्यांच्या हातात कधी आली नाही.

बार्टन यांची अखेर ऊर्जेमुळे झाली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांचं एक खासगी नग्न छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरलं, त्यांनी माफी मागितली, आणि महिना संपायच्या आत पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. जागा गेली ती त्यांच्याच कार्यालयात पूर्वी काम केलेल्या रॉन राइट यांच्याकडे. ३२२ क्रमांकाचं कलम रद्द करायचं विधेयक कोलोरॅडोच्या डायना डीगेट यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा आणलं. त्या स्वतः ऊर्जा आणि वाणिज्य समितीच्या सदस्य, आणि तेव्हा बहुमतही त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचं. विधेयक समितीकडे गेलं आणि तिथून मतदानाला आलंच नाही. नंतर ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, दर वेळी तेच झालं.